ठिबकचा खर्च : कोणाचा वाटा किती?

नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर पश्चिमेकडून पूर्वेकडे बोट फिरवा. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेस गेले, की सिन्नर, येवला, चांदवड, नांदगाव या तालुक्यांत तोच पाऊस पाचसहाशे मिलिमीटरांवर येतो. भूगोलाच्या भाषेत हा सगळा पर्जन्यछायेचा प्रदेश. पावसाचा लहरीपणाही अलीकडे वाढला आहे. मार्च २०१४ मधील गारपीट आणि २६ नोव्हेंबर २०२३ रोजीची अवकाळी गारपीट निफाड भागातील द्राक्षबागाईतदार अजून विसरलेले नाहीत.

गारा थांबवणे आपल्या हाती नाही. मात्र हाती आलेले पाणी जपून वापरणे, आणि ते वापरताना हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड कमी करणे, या दोन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी ठिबक सिंचन हा एक चांगला मार्ग आहे. पण ठिबकला पैसा लागतो. तो कोणी द्यायचा? शेतकऱ्याने, की सर्वांनी मिळून? हा प्रश्न वरवर सरकारी वाटतो, पण त्याचे उत्तर शोधताना आपल्याला भौतिकशास्त्र आणि अंकगणित दोन्ही लागणार आहेत.

थेंबाचे गणित

मोकाट पाणी दिले, की ते सरीतून वाहते, काही मुळांच्या खाली जिरते, काही उन्हाने उडून जाते. पिकाच्या उपयोगी निम्मे किंवा त्याहून कमीच पाणी येते. ठिबकमध्ये पाणी गाळून, नळ्यांतून थेट मुळांपाशी थेंबाथेंबाने सोडतात. तेथे ही उपयुक्तता नव्वद टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. जमीन चिखल न होता वाफशावर राहते.

आता विजेकडे वळू. विहिरीत पाणी ३० मीटर खोल आहे, असे समजा. एक हजार लिटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम. ते वर उचलण्यास १००० × ९.८ × ३०, म्हणजे २,९४,००० ज्यूल ऊर्जा लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर हजार लिटरमागे सुमारे ०.२ युनिट वीज खर्च होते.

एका हेक्टर बागेला मोकाट पद्धतीने वर्षाला ६० लाख लिटर पाणी लागत असेल, तर वीज होईल १,२०० युनिट. ठिबकने पाणी निम्मे झाले, म्हणजे ३० लाख लिटरवर आले. मग वीजही निम्मी होईल काय? नाही! गाळणी आणि नळ्यांतून पाणी ढकलण्यासाठी जादा दाब लागतो. तो १५ मीटर उंचीइतका धरू. म्हणजे आता पाणी जणू ४५ मीटर उचलावे लागते आणि हजार लिटरला ०.३ युनिट लागतात. एकूण वीज झाली ९०० युनिट. पाणी निम्मे वाचले, वीज मात्र पाव हिस्साच वाचली.

तरीही ३०० युनिट वाचले. कोळशावरच्या वीजकेंद्रात एका युनिटमागे सुमारे एक किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वर्षाला, दर हेक्टरी, सुमारे ३०० किलोग्रॅम वायू हवेत जाण्याचे टळले. याखेरीज विद्राव्य खते ठिबकमधूनच थोडी थोडी देता येतात. नत्रखत नेमके मिळाल्याने जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड कमी होतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो.

फायदा कोणाच्या पदरात?

पाणी, वीज, खत आणि मजुरी यांत जी बचत होते ती शेतकऱ्याची. पण विहिरीत उरलेले पाणी केवळ त्याचे नसते. नाशिक जिल्ह्याची जमीन बेसाल्ट खडकाची आहे. त्यातील मुरमाच्या थरात आणि भेगांत जे पाणी साठते, ते बांधापाशी थांबत नाही. एकाने उपसा कमी केला, की शेजाऱ्याच्या विहिरीला आधार मिळतो. हवेत न गेलेल्या वायूचा फायदा तर साऱ्या जगाचा.

समजुतीसाठी काही कल्पित आकडे घेऊ. संचाचा खर्च १,००,००० रुपये. त्याच्या आयुष्यभरात शेतकऱ्याचा फायदा ८०,००० रुपये आणि इतरांचा ६०,००० रुपये. एकूण फायदा १,४०,००० रुपये, म्हणजे समाजाच्या दृष्टीने हा सौदा नक्कीच चांगला. पण शेतकरी एकटा हिशेब करील, तर लाख रुपये घालून ऐंशी हजार मिळवण्यात त्याला तोटा दिसेल. तो संच बसवणार नाही आणि सर्वांचाच फायदा बुडेल.

आता इतरांनी ३०,००० रुपयांचा भार उचलला तर? शेतकऱ्याने ७०,००० घालून ८०,००० मिळवले, इतरांनी ३०,००० घालून ६०,००० मिळवले. दोघेही सुखी. अनुदानामागील विचार तो हाच. ते दान नसते. इतरांना मिळणाऱ्या फायद्याची ती किंमत असते.

प्रत्यक्षातील वाटे

महाराष्ट्र सरकारने ठिबकला अनुदान देण्यास १९८६-८७ च्या सुमारास सुरुवात केली. २००६ साली केंद्राची सूक्ष्म सिंचन योजना आली, तेव्हा ४० टक्के केंद्राचा, १० टक्के राज्याचा आणि ५० टक्के शेतकऱ्याचा वाटा होता. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत ‘प्रति थेंब अधिक पीक’ हा घटक आला. त्यात दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान ठरले. २०२२-२३ पासून हा घटक राष्ट्रीय कृषी विकास योजनेत समाविष्ट झाला. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्य त्यात अनुक्रमे २५ व ३० टक्क्यांची भर घालते. अशी बेरीज ८० आणि ७५ टक्के होते.

मूळ ५५ टक्के केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात वाटून घेतात. म्हणून लहान शेतकऱ्याच्या एक लाखाच्या मान्य खर्चाची फोड अशी :

केंद्र सरकार — ३३,००० रुपये
राज्य सरकार — २२,००० + २५,००० = ४७,००० रुपये
शेतकरी — २०,००० रुपये

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात महाडीबीटीवर अर्ज, पूर्वसंमती, संच बसवणे, बिल सादर करणे, मोका तपासणी आणि मग बँक खात्यात रक्कम, अशा पायऱ्या असतात. अनुदान शेवटच्या पायरीवर येते. तोवरचा पैसा शेतकऱ्यालाच उभा करावा लागतो. ज्याच्यापाशी वीस हजारच आहेत, त्याला उरलेल्या ऐंशी हजारांची सोय आधी करावी लागते, आणि उसनवारी केली तर व्याजही भरावे लागते. म्हणून वाटा किती हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो केव्हा मिळतो हेही महत्त्वाचे.

मग सगळाच खर्च सरकारने का करू नये?

फुकट मिळालेल्या वस्तूची निगा राखली जाईलच, असे नाही. ठिबकच्या गाळण्या वेळोवेळी धुवाव्या लागतात, तोट्यांत साचलेले क्षार आम्ल सोडून काढावे लागतात, उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या जोडाव्या लागतात. ज्याने पदरचे पैसे घातले, त्याला ही निगा सोडून देणे परवडत नाही. शिवाय आपल्या पिकाला ठिबक खरोखर हवे आहे काय, याचाही तो आधी विचार करतो.

वाट्याची ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्यात मोसम आणि आरम या नद्यांवर, तसेच शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर, काही शतकांपूर्वीपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालील जमिनीचे फड. प्रत्येक फडात एकाच प्रकारचे पीक. पाटकरी पाण्याची पाळी सांभाळी आणि त्याला धान्याच्या रूपाने मोबदला मिळे. पाटाची साफसफाई लाभधारक मिळून करीत. ज्याला पाणी, त्याच्यावर जबाबदारी, हा तेथील नियम होता.

परदेशातही ही रीत आहे. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात प्रचंड धुळीच्या वादळांनी शेतजमिनीची माती उडवून नेली. तेव्हा, १९३६ साली, माती धरून ठेवणारी शेती करणाऱ्यांना पैसे देण्याचा कायदा तेथे झाला. १९९६ साली तेथे सुरू झालेल्या पर्यावरण-सुधारणेच्या योजनेतही खर्च शेतकरी आणि सरकार वाटून घेतात.

वाचलेले पाणी कोठे जाते?

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. ठिबकने आपल्या हेक्टरचे ३० लाख लिटर पाणी वाचले. ते विहिरीतच राहिले काय? शेतकऱ्याने त्याच पाण्यावर शेजारचा कोरडवाहू हेक्टरही बागायती केला, तर उपसा पुन्हा ६० लाख लिटर होईल. विजेचा हिशेब पाहा : ६० लाख लिटरला ०.३ च्या दराने १,८०० युनिट, म्हणजे पूर्वीच्या १,२०० हून अधिक! शेतकऱ्याचे उत्पन्न वाढले, आणि तेही मोलाचेच आहे. पण शेजाऱ्याच्या विहिरीला आणि हवेला काही मिळाले नाही. आपल्या उदाहरणातील ते ६०,००० रुपये नाहीसे झाले. समाजाने दिलेला वाटा मात्र खर्च झाला.

शेततळ्यांच्या बाबतीतही असेच घडू शकते. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. तीत जास्तीत जास्त ५०,००० रुपये अनुदान होते. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवावे, हा उद्देश. परंतु अनेक ठिकाणी तळ्यात प्लॅस्टिकचे अस्तर घालून ते विहिरीच्या पाण्याने भरले जाऊ लागले. तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर तळे भरलेले असताना रोज ७,२०० लिटर पाण्याची वाफ होते. खडकात झाकलेले पाणी उन्हात आणून ठेवण्याची ही किंमत आहे. तीच पाटी, तेच अस्तर. पण पावसाने भरले तर बचत, विहिरीने भरले तर उधळपट्टी.

यातून धडा एकच. समाजाने पैसे नळीला किंवा खड्ड्याला देऊन भागत नाही. ज्या फायद्यासाठी ते दिले, तो फायदा उरला की नाही, हे मोजले पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गाव दर वर्षी पावसाचे पाणी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. सिंचनासाठी कूपनलिका न घेण्याचा नियमही गावाने केला आहे. अशा गावात ठिबकने वाचलेला थेंब गावाच्या हिशेबात जमा होतो.

करून पाहा

१. ठिबक असलेल्या शेतात, मालकाच्या परवानगीने, नळीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या तोटीखाली सारखी भांडी ठेवा. दहा मिनिटांत जमलेले पाणी मोजनळीने मोजा. फरक फार असल्यास त्याची कारणे शोधा.

२. सरळ बाजूंच्या पसरट भांड्यात पाणी भरून ते उघड्यावर ठेवा. चोवीस तासांत पाण्याची पातळी किती मिलिमीटर उतरली ते पाहा. त्यावरून जवळच्या शेततळ्यातून रोज किती लिटर पाणी उडत असेल ते काढा.

३. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर महिन्यांत, मोजते. शिक्षकांच्या मदतीने गावातील एका सार्वजनिक विहिरीची पातळी याच महिन्यांत दोरीने मोजा आणि आलेख काढा. गावात ठिबक वाढत असूनही मे महिन्यातील पातळी दर वर्षी खाली जात असेल, तर वाचलेले पाणी कोठे गेले, याची वर्गात चर्चा करा.