आधी वापसा, मग गिअर

लेकरांनो, शनिवार-रविवार गाड्या घेऊन सहस्रकुंडाकडं निघालात, मुक्काम करणार, नव्या पोरांना फोर व्हील शिकवणार, हे ऐकून फार बरं वाटलं. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मी चाळीस वर्षं जीप चालवली. त्यातलं तुमच्या कामाचं सांगतो.

पहिली गोष्ट गाडीची नाही, मातीची. इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड शिकवणारी अकादमी आहे, जमेल तेव्हा जाऊन या. पण घाटमाथ्यावर बसलेला हात मुखेड-कंधारच्या काळ्या रानात चालेलच असं नाही. काळी माती पाणी प्याली की फुगते, साबणासारखी निसरडी होते. टायरच्या नक्षीत ती एकदा भरली की नवं टायर काय आणि झिजलेलं काय, सारखंच. चारही चाकं फिरतात, गाडी जागेवर. पाऊस पडून गेल्यावर वापसा येईस्तोवर, म्हणजे मातीतली जादा ओल जाईस्तोवर, शेतकरी रानात औत घालत नाही. तुम्ही चाक घालू नका.

हे मी 1993 साली शिकलो. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतरच्या दिवसांत मी धान्य आणि ताडपत्र्या घेऊन तिकडं जात होतो. पाऊस झालेला. घाईपोटी रस्ता सोडून पांदणीत जीप घातली, फोर व्हील लावली आणि शंभर पावलांत एक्सलपर्यंत रुतलो. जितकी रेस दिली तितकी गाडी खाली गेली. एक म्हातारे शेतकरी आले. त्यांचं घर पडलं होतं. त्यांनी चाकाजवळची माती उचलली, मुठीत दाबली, मूठ उघडली. बोटांचे ठसे उमटलेला गोळा त्यांनी कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडला. तो फुटला नाही, चपटा झाला. "वापसा नाही, बाबा," एवढंच बोलले आणि बैलजोडी आणून जीप ओढून काढली. तेव्हापासून कच्च्या वाटेला लागण्याआधी मी खाली उतरतो आणि मातीचा गोळा टाकून बघतो. भुगा झाला तर पुढं, चपटा झाला तर माघारी. नव्या पोरांना स्टेअरिंग देण्याआधी हे शिकवा.

तरी फसलात तर रेस देऊ नका. चाकापुढचा चिखल फावड्यानं काढा, खाली तुराट्या किंवा दगड घाला, टायरची हवा थोडी कमी करा. हवा भरायचा पंप मात्र जवळ हवाच, कारण कमी हवेवर डांबरी रस्त्यानं जोरात गेलं की टायर तापून फुटतं. ओढायचा रस्सा बंपरला किंवा ट्रॉलीच्या गोळ्याला कधीच बांधू नका. चासीच्या हुकालाच बांधा, रस्स्यावर ओलं पोतं टाका आणि बघ्यांना रस्स्याच्या दीडपट लांब उभं करा. तुटलेला रस्सा माणूस मारतो.

लातूरकडं बालाघाटच्या उतारांवर सुटा मुरूम असतो. तिथं उतरताना लो रेंजचा पहिला गिअर टाका, क्लचवरून पाय काढा, ब्रेक जपून. चढावर गाडी बंद पडली तर वळवायला जाऊ नका, आडवी झालेली गाडी उलटते. ब्रेक दाबून धरा, रिव्हर्स टाका, सरळ मागं या. अंगठे स्टेअरिंगच्या आत अडकवू नका. दगडाचा झटका बसला की मोडतात.

पाण्याचं सांगतो, ते मात्र नीट ऐका. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ भागात रात्रीतून पाणी शिरलं, सैन्य बोलवावं लागलं. वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी गाडी उचलतं, मग ती कितीही महागाची असो. पुलावरून पाणी चाललं असेल तर थांबा. ओढा उथळ वाटला तरी आधी काठी घेऊन कुणीतरी चालत जाऊन बघावं, आणि ज्या पाण्यात चालत जायची हिंमत होत नाही त्यात गाडी घालू नये. इंजिनात पाणी जाऊन गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, इंजिन कायमचं जाईल.

मुक्कामाला पैनगंगेचं पात्र किती सुंदर दिसतं, मला माहीत आहे. पण वर इसापूर धरण आहे. तिथून पाणी सोडलं की इथं आभाळ निरभ्र असतानाही नदी चढते. तंबू उंच माळावर, मुरमावर लावा. काळ्या रानाच्या भेगांजवळ नको, तिथं विंचू-साप असतात. सकाळी बूट झटकूनच घाला. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय ना गाडी, ना चूल.

आणि धुरा ओलांडून कुणाच्या सोयाबीनमध्ये चाक घालू नका. ओल्या रानात चाकानं दाबलेली जागा अशी घट्ट होते की पुढच्या हंगामातही तिथं पीक खुरटं राहतं, आणि ते नुकसान तुम्हाला गाडीतून दिसत नाही. वाट हवी असेल तर शेतमालकाला विचारा. पाण्याचा तांब्या पुढं करून माणसं वाट दाखवतात, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

परतताना डांबरीवर चढण्याआधी गाड्या कडेला घ्या आणि चाकांचा चिखल काठीनं खरवडून काढा. रस्त्यावर सांडलेल्या काळ्या चिखलावरून मागचा मोटारसायकलवाला घसरतो, आणि त्याच्यामागं बहुतेक वेळा बायको आणि लेकरू बसलेलं असतं.