माघात तूर, वैशाखात कांदा

पोरी, भाव वाढणार अशी बातमी टीव्हीवर आली की समजायचं, ते वाढून बसलेत. बाजाराला ती गोष्ट आपल्या कितीतरी आधी कळलेली असते. तुझे काका बार्शीच्या आडतीवर दिवाणजी होते. रोज संध्याकाळी हातपाय धुताना ते आवक सांगायचे, आणि आवक कळली की भाव निराळा विचारावा लागत नाही. गाड्यांची रांग लागली की घ्यायचं, रांग ओसरली की घरातलं खायचं. माझा सगळा संसार एवढ्या एका हिशेबावर चालला. तुम्हाला आता सगळं मोबाईलवर कळतं, पण नेमकं हेच कळत नाही, म्हणून लिहून देते.

आधी तेलाचं. जावईबापूंनी पाच डबे आणून ठेवलेत म्हणालीस. आणलेत तर राहू देत, पुन्हा नको. तेल ही वर्षाची भरून ठेवायची वस्तूच नाही. डबा एकदा फोडला की उन्हाळ्यात त्याचा वास लवकर पालटतो, आणि खवट तेलाचा लाडू कुणी खात नाही. शिवाय आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल परदेशातून येतं. त्याचा भाव आपल्याकडच्या पेरणी-काढणीवर कमी आणि बाहेरच्या उलाढालीवर जास्त. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध झालं नि सूर्यफूल तेल कडाडलं, त्याच उन्हाळ्यात इंडोनेशियानं पामतेल अडवलं. सप्टेंबर 2024 मध्ये ऐन गणपतीत सरकारनं कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के मूळ आयातशुल्क बसवलं, आणि पुढच्या मेअखेर तेच 10 टक्क्यांवर आणलं. यातलं काय तू आधी ओळखणार? दोन महिन्यांचं तेल घरात असावं, बस. घेताना मात्र डब्यावर 15 किलो लिहिलंय की 15 लिटर, ते वाच. 15 लिटर तेल भरतं साडेतेरा-पावणेचौदा किलो. दोन डब्यांच्या भावात फरक दिसतो तो पुष्कळदा एवढाच असतो.

भरायचं ते वर्षातून एकदा पिकतं आणि नीट ठेवलं तर वर्षभर टिकतं तेच. आता माघ चालू आहे, म्हणजे तुरीचे दिवस. तूर पेरतात मृगात आणि काढतात पौषाच्या आसपास. बाजारात नवी तूर आली की डाळमिला दिवसरात्र चालतात, आणि डाळ वर्षातली सगळ्यात चांगली नि बहुधा सगळ्यात स्वस्त मिळते ती आत्तापासून शिमग्यापर्यंत. श्रावणापासून दिवाळीपर्यंत तिचा भाव चढा. 2015 च्या दिवाळीआधी तूरडाळ किलोला दोनशेपर्यंत गेली होती, आठवतंय? लागोपाठ दोन वर्षं पाऊस नव्हता. त्या वेळी लोकांनी घाबरून दोनशेच्या भावानं दहा-दहा किलो नेली. पुढच्या वर्षी पाऊस झाला, तूर इतकी पिकली की 2017 च्या सुरुवातीला 5050 रुपये क्विंटल हमीभाव असताना बाजारात त्याच्याही खाली विकली जात होती आणि शेतकरी खरेदी केंद्राबाहेर रात्री काढत होते. म्हणून चढत्या भावात कधी भरायचं नाही. अशा वेळी लागेल तेवढी पाव-अर्धा किलो आण, आठवड्यातून दोन दिवस मसुराची नाहीतर मुगाची आमटी कर.

किती भरायचं, ते शेजारणीला विचारू नकोस, तुझ्या डब्याला विचार. नवीन पिशवी फोडलीस की झाकणावर कागदी चिकटपट्टी लावून तारीख लिही, संपली की दुसरी तारीख लिही. दोनतीन महिने असं केलंस की घराचं माप हाती येतं. आमच्याकडे चार माणसांना डाळ महिन्याला अडीच किलो लागायची, म्हणजे वर्षाची तीस. तुम्ही दोघं नोकरीवाले, आठवड्यातून दोनदा बाहेर जेवता. तुला पंधरा किलोसुद्धा पुरेल. तीसचा कट्टा घेऊन शेजारच्या बिऱ्हाडाशी निम्मा करून घे. एक आणखी. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पिशवीतल्या धान्य-डाळीवर पाच टक्के जीएसटी लागला. सुट्ट्या मालाला आणि त्याहून मोठ्या पोत्याला तो नाही. मॉलमधल्या पाच-पाच किलोच्या सहा पिशव्या आणि मार्केट यार्डाच्या भुसार विभागातला एक कट्टा, हिशेब तूच कर.

डाळ बघायची कशी? तकाकी बघून घेऊ नकोस, ती तेलपाण्याची असते. मूठभर घेऊन तळव्यावर चोळ, पिवळं पीठ हाताला लागलं तर किडीची नाहीतर भेसळीची शंका घे. मग एक दाणा दाताखाली धर. कट्‌कन दोन तुकडे झाले तर वाळलेली, चपटली तर आत ओल आहे. ओली डाळ पाच रुपये स्वस्त असली तरी घ्यायची नाही.

आणल्यावर दोन दिवस कडक ऊन दे. तुझ्या गॅलरीत सकाळी अकरापर्यंतच ऊन येतं, तेव्हा सोसायटीच्या गच्चीवर जुनी चादर पसर आणि पोराला राखणीला बसव, कबुतरं फार झालीत. ऊन दिलेलं धान्य त्याच उबेत डब्यात कोंबायचं नाही. आतल्या आत घाम सुटतो, झाकणाच्या आतून थेंब धरतात आणि वरच्या थराला बुरशी येते. रात्रभर पातळ कापडाखाली निवू दे, सकाळी भर. डाळीला एरंडेल लावायचं. परातीत तीनचार किलो डाळ घे, तळव्यावर चमचाभर तेल घे आणि दोन्ही हातांनी खालून वर अशी चोळत राहा. डाळ आधी गडद दिसते, मग चोळता चोळता तेल सगळीकडे पसरतं आणि हाताला नुसती तुकतुकी लागते. तेल दिसायला लागलं तर जास्त झालं. गव्हालाही हेच. खाताना धुतलं की जातं. तांदळाला मात्र ऊन देऊ नकोस, दाणा तडकतो आणि भाताची कणी होते. तो सावलीतच चाळून, पाखडून भर. कडुनिंबाचा पाला सावलीत कडकडीत वाळवून थराथरात घाल. ओलसर पाला घातलास तर कीड राहील बाजूला, पाल्यानंच धान्य कुजेल.

बाजारात धान्यात टाकायच्या पाऱ्याच्या गोळ्या मिळतात, बोरिक पावडरही मिळते. माझ्या सासूबाई वापरायच्या, मी बंद केलं. आणि गोदामात टाकतात त्या विषारी गोळ्या तर कुणी फुकट दिल्या तरी घरात आणायच्या नाहीत. हवेतल्या ओलाव्यानं त्यांचा वायू सुटतो. धान्याला त्या गोळ्या लावून त्याच खोलीत झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपल्याच राज्यातून आल्या आहेत. फ्लॅटच्या बंद खोल्यांत तर नावच नको.

काही गोष्टी कितीही स्वस्त मिळाल्या तरी भरू नकोस. अख्खा मूग, चवळी, मटकी यांना भुंगा फार लवकर लागतो. वरून डबा छान दिसतो, आणि हात घालावा तर बोटांना पीठ नि दाण्यादाण्याला गोल भोक. दोन महिन्यांपुरतं घे. रवा, मैदा, बेसन महिन्याचंच. रवा आणल्या दिवशी कोरडा भाजून ठेव. बाजरीचं पीठ तर आठवड्यात कडू होतं. शेंगदाणे खवटतात, म्हणून मिळाल्या तर वाळलेल्या शेंगा घे, टरफलातला दाणा टिकतो. साखरेत वर्षाकाठी एवढी चढउतार नसते, ती साठवून जागा का अडवायची? पावसाळ्यात पोहे-चुरमुरे तर अजिबात नको.

तुरीपाठोपाठ ज्वारी येते. भाकरी करत असशील तर मालदांडीच घे, मंगळवेढ्याकडची मिळाली तर सोन्याहून पिवळं. पांढरी, मोत्यासारखी चमक असावी. काळसर झाक म्हणजे काढणीला पाऊस लागलेला, ती भाकरी चिकटते नि वासही मारते. याच दिवसांत चिंच. चिंचोके, शिरा काढून, मीठ लावून, गोळे करून चिनी मातीच्या बरणीत दाब. स्टीलच्या डब्यात नको. काळी पडली म्हणून टाकू नकोस, जुनी चिंच चांगलीच. मग मिरची आणि हळद. मिरची देठासकट वाळव, देठ कांडपाला नेण्याच्या दिवशीच काढ. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, आणि तिखट भरताना बरणीच्या तळाशी नि वर हिंगाचा खडा. हळद जमली तर हळकुंडं आणून दळून घे. तयार पुडीत काय आहे ते पुडीलाच ठाऊक.

गहू चैत्रात. लोकवन घे नाहीतर शरबती, पण मार्चमध्ये उन्हाची झळ कशी लागते त्यावर लक्ष ठेव. 2022 ला मार्चमध्येच ऊन तापलं, दाणा बारीक राहिला, आणि 13 मे रोजी सरकारनं गव्हाची निर्यात थांबवली. ज्यांनी पाडव्याच्या आसपास गहू घेतला होता त्यांना वर्षभर पिठाच्या भावाकडे बघावं लागलं नाही.

कांद्याचं नीट ऐक, कारण शहरातल्या बायका इथं हमखास फसतात. दिवाळीच्या सुमाराला येतो तो लाल कांदा खरिपाचा, त्याला टिकायचं अंगच नसतं. तीनचार आठवड्यांत कोंब नाहीतर सड. भरायचा तो उन्हाळ कांदा, चैत्र-वैशाखातला. मान बारीक आणि सुकलेली हवी, वरचं साल तांबूस, कागदासारखं वाजणारं. जाड मानेचा, डेंगळा आणि जोड कांदा बाजूला काढ, तो आधी चिरून संपव. उरलेला गॅलरीत वारा लागेल असा एका थरात पसर. प्लास्टिकच्या पिशवीत नको आणि बटाट्याशेजारी तर मुळीच नको, दोघंही एकमेकांना नासवतात. आठवड्यातून एकदा हात फिरव, मऊ लागेल तो उचल. फ्लॅटमध्ये वीस किलोपेक्षा जास्त भरू नकोस. नाशिककडची चाळ तुझ्या गॅलरीत मावणार नाही. श्रावण-भाद्रपद निघाला तरी पुष्कळ, कांदा महागतो तो तिथून पुढेच. लसूणही फाल्गुनातलाच, पातीसकट जुड्या बांधून वाऱ्यावर टांगायचा. 2024 च्या सुरुवातीला लसूण किलोला चारशेच्या घरात गेला होता, तेव्हा तुझ्या काकूच्या माळ्यावर आदल्या वर्षीच्या दोन जुड्या शिल्लक होत्या. ती अजून सांगते.

साबण, टूथपेस्ट, शांपू यांच्या मागे धावू नकोस. त्यांना हंगाम नाही, तेव्हा हंगामाची स्वस्ताईही नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून त्यांचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. आदल्या महिन्यात 'दोनवर एक फुकट' म्हणून कपाट भरलेल्यांना ते फुकट काय पडलं ते त्यांनाच विचार. पुड्यावर किंमत बघतेस तशी ग्रॅम बघ. किंमत तीच ठेवून वजन उतरवायची युक्ती या कंपन्यांना छान जमलीय.

अफवेचं तर बोलूच नये. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली आणि दोनतीन दिवसांत मीठ संपणार म्हणून उठलं. उत्तरेत कुठं कुठं लोकांनी किलोला दोनशे रुपये मोजून मीठ नेलं. अगं, आपल्या देशाला केवढा किनारा, एकटा गुजरात देशाच्या निम्म्याहून कितीतरी जास्त मीठ करतो! खरी टंचाई मी पोरवयात पाहिलीय, बहात्तरच्या दुष्काळात. रेशनवरची परदेशी लाल मिलो, तिची भाकरी थापताना चिरायची. त्याच सुमाराला मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर बायकांना घेऊन लाटणी हातात धरून रस्त्यावर उतरल्या होत्या. टंचाईत ज्याच्याकडे पैसा तो पोती भरतो आणि रोज आणून खाणाऱ्याच्या चुलीवर पाणी पडतं. तेव्हा आवक भरपूर असताना तू वर्षाचं भरलंस तर त्यात कुणाचं काही जात नाही, शेतकऱ्याचा माल उठतो. तुटवड्यात भरलंस तर ते दुसऱ्याच्या ताटातलं.

पैशाचं म्हणशील तर हे सगळं एकदम आणायला पगार पुरत नाही, हे मला कळतं. क्रेडिट कार्डावर मात्र धान्य भरू नकोस; डाळीत वाचलेले हजार-बाराशे रुपये व्याजात जातील. आम्ही गल्लीतल्या बायका भिशी लावायचो आणि मी आग्रहानं मार्चचा नंबर मागून घ्यायची. तुझ्या सोसायटीत भिशी असेल तर तसं बघ, नसेल तर दिवाळीपासून दर महिन्याला हजार-दीड हजार बाजूला टाक. यंदा नुसती डाळ आणि चिंच भर. गहू, कांदा पुढच्या वर्षी. आधी डबे किती आहेत ते मोज, ते घासून उन्हात कोरडे कर, आणि गेल्या वर्षीची डाळ तळाशी असेल तर ती काढून स्वयंपाकघरात घे. नव्यावर जुनी ओतायची नाही, जुनीवर नवीही नाही.

यार्डात शनिवार-रविवार टाळ, मधल्या वारी सकाळी जा. दोन दुकानं फिर, तिसऱ्यात बस. हमालीचं आणि रिक्षाचं आधी ठरव. आणि जावईबापूंना बरोबर नेऊ नकोस, ते पहिल्याच दुकानात भाव कबूल करतील.