डोंग्यानं गेलेल्यांची वाट

आज्यानं मार्कंड्याजवळचं गाव सोडलं 1958 साली. डोंग्यानं वैनगंगा ओलांडली, बैलगाडीनं मूल गाठलं, तिथून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं गोंदिया, मग दुर्ग. 4 फेब्रुवारी 1959 ला दुर्गशेजारच्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा आजा तिथं मजूर होता. बाबा तिथंच जन्मले आणि त्याच कारखान्यातून निवृत्त झाले. 2021 च्या दिवाळीत बाबा, मी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी गावी राहायला आलो. तेव्हापासून जे शिकलो ते असं.

1. सातबारा नंतर काढा, आधी घरी जा.

आम्ही उलटं केलं. आज्याच्या मागं वारसनोंद होऊन जमिनीला बाबांचं नाव लागलेलं होतं. त्याचा उतारा काढला आणि मग काकांच्या दारी गेलो. काका म्हणजे आज्याच्या धाकट्या भावाचा मुलगा. साठ वर्षं ती बांधी त्यांच्या घरानं कसली, धुरे फुटले ते बांधले, तलावाच्या पाण्यासाठी रात्री जागून काढल्या. उताऱ्याची बातमी चहाच्या टपरीवरून आमच्या आधी त्यांच्या घरी पोचली होती. त्यांनी पाणी दिलं, बसायला खाट दिली, पण जेवायला थांबा म्हणाले नाहीत. पुढं किती महिने तरी म्हणाले नाहीत. शेवटी मी एकटा गेलो आणि सांगितलं, "काका, जमीन तुम्हीच करा. मला शिकवा." ते काहीच बोलले नाहीत. आषाढात निरोप आला, "उद्या रोवणा आहे, ये."

2. चिखलात उतरल्याशिवाय बोली कळत नाही.

भिलाईत आजी गावच्या झाडीबोलीत बोलायची आणि आम्ही नातवंडं हिंदीत उत्तरं द्यायचो. गावंढळ वाटायचं ते, याची आज लाज वाटते. रोवण्याच्या दिवशी मी पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहत होतो. बाया वाकून मागं मागं सरकत रोवत होत्या, आणि त्यांच्या बोलण्यात जागोजागी आजी होती. "पानी आनू का बाबू?" असं एकीनं विचारलं आणि मला क्षणभर बोलवेना.

3. म्हाताऱ्या माणसाचं गाव कोणतं, ते त्यालाच विचारा.

हे मला फार उशिरा कळलं. बाबांना मुळांकडे आणल्याचा मला अभिमान होता. पण बाबांची मुळं भिलाईत होती. त्यांचे मित्र तिथं, त्यांची बोलचाल तिथली. पहाटे उठून ते ओट्यावर बसत. कारखान्याचा भोंगा ऐकल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखं त्यांना वाटत नसे. आमच्याच चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिला, काकांचा नातू तिथं लागला, तर बाबा रोज संध्याकाळी त्याची वाट बघायचे. पाळीवर काय झालं, कोण भेटलं, सगळं विचारायचे. त्या पोरानं त्यांना जे दिलं ते मला देता आलं नाही.

4. परत येता येणं हे भाग्य आहे.

चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत, 1960 च्या दशकात वसवलेली. बाजारात मासे विकणाऱ्या एका आजोबांनी मला विचारलं, "तुमचं घर होतं तिथंच आहे?" आहे म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मासे तोलले. त्या दिवसापासून वीज गेली म्हणून मी कुरकुरत नाही.

5. दोन नद्या असू द्या.

बाबा गेल्या वर्षी गेले. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते, म्हणून लोक इथं अस्थी आणतात. 1870 च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅमनं मार्कंड्याच्या देवळांची पाहणी केली होती, हे बाबा नातीला मोठ्या कौतुकानं सांगायचे. त्याच देवळांखालच्या पात्रात आम्ही त्यांच्या अर्ध्या अस्थी सोडल्या. उरलेल्या अर्ध्या दुर्गच्या शिवनाथ नदीत सोडा, असं ते सांगून गेले होते. मला वाईट वाटलं, राग आला असंही म्हणता येईल. काकांना मात्र यात काहीच वावगं दिसलं नाही. सत्तरी ओलांडलेले काका माझ्याबरोबर निघाले. मूल, गोंदिया, दुर्ग. त्यांचा मोठा बाप ज्या वाटेनं गेला ती वाट त्यांनी पहिल्यांदाच पाहिली, खिडकीतून नजर न काढता. शिवनाथच्या पाण्यात उतरताना त्यांनी माझा हात धरला, तो काठावर येईपर्यंत सोडला नाही.