जहाज मोठं झालं, पण सहल चांगली झाली का?



क्रूझ हा शब्द आता आपल्याकडे नवा राहिलेला नाही. मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या प्रवासी जहाजाच्या जाहिराती आपण पाहतो. ओळखीतलं कुणीतरी सिंगापूरला किंवा युरोपात जाऊन क्रूझ करून आलेलं असतं. आणि दर वर्ष-दोन वर्षांनी बातमी येते, 'जगातील सर्वात मोठे प्रवासी जहाज समुद्रात उतरले.' फोटो पाहून आपण थक्क होतो. पण एक साधा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. जहाज मोठं होत गेलं तशी त्यावरची सुट्टीही चांगली होत गेली का? की बिघडली?

आजच्या लेखात आपण या प्रश्नाचा थोडा हिशेब मांडून विचार करू. गणित चौथी-पाचवीचंच लागेल, घाबरू नका!

जहाज किती मोठं झालं?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. प्रवासी जहाजाचा आकार 'ग्रॉस टन' या मापात सांगतात. टन म्हटलं की आपल्याला वजन वाटतं, पण हे वजन नाही. जहाजाच्या आत बंदिस्त जागा किती आहे, त्याचं हे माप आहे. मोठ्या जहाजात एक ग्रॉस टन म्हणजे साधारण तीन घनमीटर जागा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असे तीन खोके डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल.

आता हे आकडे बघा.

• १९१२ : टायटॅनिक, ४६,३२८ टन
• १९८८ : सॉव्हरिन ऑफ द सीज, ७३,१९२ टन
• १९९६ : कार्निव्हल डेस्टिनी, १,०१,३५३ टन (एक लाखाच्या पुढे गेलेलं पहिलं प्रवासी जहाज)
• २००९ : ओअ‍ॅसिस ऑफ द सीज, २,२५,२८२ टन
• २०२४ : आयकॉन ऑफ द सीज, २,४८,६६३ टन

मधल्या काळात मोजण्याची पद्धत बदलली, त्यामुळे टायटॅनिकशी तुलना ढोबळच समजायची. तरी फरक पाचपटीहून जास्त आहे. गंमत म्हणजे लांबी तेवढी वाढलेली नाही. टायटॅनिक २६९ मीटर, आयकॉन सुमारे ३६५ मीटर. म्हणजे लांबी साधारण एक तृतीयांशाने वाढली आणि आतली जागा पाचपट! कारण जहाज रुंदही झालं आणि उंचही. आयकॉनला २० डेक, म्हणजे वीस मजले आहेत. विद्यार्थ्यांना क्षेत्रफळ आणि घनफळ यातला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठलं मिळणार?

एका माणसाच्या वाट्याला किती जागा?

'एवढी माणसं एका जहाजावर! म्हणजे नुसती चेंगराचेंगरी असणार,' असं आपल्याला सहज वाटतं. खरंच तसं आहे का? भागाकार करून बघू. जहाजाचे टन भागिले प्रवासी. या व्यवसायात हाच भागाकार वापरतात आणि प्रत्येक खोलीत दोन माणसं धरतात.

सॉव्हरिन (१९८८) : ७३,१९२ ÷ सुमारे २,३०० = ३२
आयकॉन (२०२४) : २,४८,६६३ ÷ ५,६१० = ४४

पाहिलंत? जहाज मोठं झालं आणि माणशी जागाही वाढली. आता आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. मुंबईहून सुटणारं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० साली बांधलेलं आहे. ते ४८,५६३ टनांचं असून दोघांच्या हिशेबाने सुमारे १,६०० प्रवाशांचं आहे. भागाकार येतो ३०. म्हणजे आकाराने पाचपट मोठ्या आयकॉनवर माणशी जागा जास्त आहे.

म्हणून 'मोठं जहाज म्हणजे गर्दी आणि लहान जहाज म्हणजे निवांतपणा' हे समीकरण सरसकट मांडता येत नाही. सुट्टीच्या दिवसांत मात्र खोल्यांमध्ये मुलांसाठी तिसरा-चौथा पलंगही भरतो. आयकॉनची कमाल क्षमता ७,६०० आहे. तेव्हा तोच भागाकार ३३ वर येतो. म्हणजे जाहिरातीतला आकडा आणि दिवाळी-नाताळच्या सुट्टीतला आकडा वेगळा असतो, हे लक्षात ठेवायला हवं.

मग मोठ्या जहाजाचा फायदा काय?

फायदे खरे आहेत, ते मान्य केले पाहिजेत.

१) खर्च वाटला जातो. जहाज केवढंही असो, कप्तान एकच लागतो. इंधन, यंत्रं, बंदरातली कामं यांचा खर्च जास्त माणसांत विभागला की माणशी कमी पडतो. त्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबालाही क्रूझ परवडू लागली. पूर्वी ती श्रीमंतांचीच चैन होती.

२) एकाच घरातल्या तीन पिढ्यांना काहीतरी मिळतं. नातवंडांना पाण्याच्या घसरगुंड्या, आजी-आजोबांना बाग आणि संगीत. ओअ‍ॅसिस जातीच्या जहाजांवर तर मधोमध उघड्या आकाशाखाली हजारो खऱ्या झाडांची बाग आहे.

३) जहाज जेवढं लांब-रुंद, तेवढ्याच लाटेने ते कमी हलतं. ज्यांना बोट लागते त्यांना विचारा याची किंमत!

४) बाल्कनीची खोली पूर्वी फार थोड्यांच्या नशिबी असे. मोठ्या जहाजांनी ती सर्रास केली.

सरासरी काय लपवते?

आता खरा मुद्दा. आपण शाळेतलं उदाहरण घेऊ. समजा शाळेला तीन एकर मैदान आहे आणि मुलं तीनशे. माणशी जागा भरपूर! पण पाण्याचा नळ एकच असेल तर मधल्या सुट्टीत काय होईल? सगळी तीनशे मुलं त्या एका नळापाशी. मैदान रिकामं आणि नळावर ढकलाढकली. माणशी जागेची सरासरी त्या वेळी काहीच उपयोगाची नाही.

जहाजावरही हेच होतं. दिवसभर माणसं वीस मजल्यांवर विखुरलेली असतात, तेव्हा गर्दी जाणवत नाही. पण काही गोष्टी सगळ्यांना एकाच वेळी हव्या असतात. सकाळचा नाश्ता, लिफ्ट, पोहण्याच्या तलावाजवळची खुर्ची, रात्रीचा कार्यक्रम आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंदरात उतरायचा दरवाजा.

हिशेब करा. समजा ५,००० प्रवाशांना उतरायचं आहे आणि मिनिटाला ४० माणसं बाहेर पडतात. ५,००० ÷ ४० = १२५ मिनिटं. म्हणजे दोन तासांहून जास्त! जहाज बंदरात आठ तास थांबणार असेल, तर शेवटच्या माणसाला तिथे सहाच तास मिळाले. त्यातही परत चढताना तपासणीची रांग असतेच. बंदर लहान असेल आणि जहाज धक्क्याला लागत नसेल, तर छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर न्यावं लागतं. मग आणखी वेळ.

कंपन्यांनी यावर उपाय शोधले आहेत. कार्यक्रमाची जागा आधी राखून ठेवायची, जेवणाची वेळ ठरवून घ्यायची. गर्दी आटोक्यात येते, हे खरं. पण सुट्टीला वेळापत्रक चिकटतं. घंटेवर चालायचं ते शाळेत ठीक आहे हो, सुट्टीत कशाला?

अजून एक बदल बघा. काही मोठ्या जहाजांवर जादा भाडं देणाऱ्यांसाठी वेगळा भाग राखलेला असतो. एमएससी कंपनी त्याला 'यॉट क्लब' म्हणते, नॉर्वेजियन कंपनी 'हेवन'. तिथे वेगळा तलाव, वेगळं उपाहारगृह. म्हणजे लहान जहाजावरची शांतता मोठ्या जहाजावर वेगळे पैसे देऊन विकत घ्यायची! शांतता कमी झाली आहे हे कंपन्यांनाही माहीत आहे, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

ज्यासाठी निघालो ते गावच हरवलं तर?

सर्वात मोठं नुकसान जहाजावर होत नाही, ते बंदरात होतं. माझ्या मते या सगळ्या चर्चेचं मूळ इथेच आहे.

इटलीतल्या व्हेनिस शहराचं उदाहरण घ्या. पूर्वी मोठी जहाजं थेट सेंट मार्क चौकासमोरून जात. डेकवर उभं राहून ते जुनं शहर डोळ्यांसमोरून सरकताना पाहणं, हा त्या प्रवासातला सर्वात सुंदर क्षण मानला जाई. पण पाण्यावर उभ्या असलेल्या नाजूक शहरासमोरून तरंगत्या इमारती जाऊ लागल्या. जून २०१९ मध्ये 'एमएससी ऑपेरा' हे जहाज तिथल्या धक्क्यावर आणि एका पर्यटक बोटीवर आदळलं. शेवटी १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांपेक्षा मोठ्या जहाजांना त्या मार्गावर बंदी झाली. आता मोठी जहाजं मारघेराच्या औद्योगिक बंदरात किंवा रावेन्ना, त्रिएस्ते अशा दुसऱ्या शहरांत लागतात. रावेन्नाहून व्हेनिस बसने दोन-अडीच तास. तिकिटाच्या जाहिरातीत नाव व्हेनिसचं आणि उतरायचं दुसऱ्याच गावी! आकारामुळे प्रवाशाने नेमकं काय गमावलं, ते इथे स्पष्ट दिसतं.

क्रोएशियातल्या दुब्रोवनिकच्या तटबंदीच्या आतल्या अरुंद गल्ल्यांचीही तीच अडचण. तिथे २०१९ मध्ये क्रूझ कंपन्यांच्या संघटनेशी बोलून दिवसाला दोन जहाजं आणि एका वेळी ४,००० प्रवासी अशी मर्यादा ठरली.

अलास्कातलं जुनो हे गाव तर सुमारे ३२,००० वस्तीचं. तिथे २०२४ पासून दिवसाला पाच मोठी जहाजं, आणि २०२६ पासून दिवसाला १६,००० प्रवासी, शनिवारी १२,००० अशी मर्यादा मान्य झाली. मर्यादा घालूनसुद्धा गावाच्या निम्मे पाहुणे एका दिवसात! आपल्या तालुक्याच्या गावी रोज असं झालं तर? पण त्याच जुनोमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये 'शनिवारी एकही जहाज नको' या प्रस्तावावर मतदान झालं, तेव्हा लोकांनी तो फेटाळला. कारण दुकानदार, गाडीवाले, वाटाडे यांचं पोट त्याच प्रवाशांवर चालतं. नकोही आणि हवंही, अशी गावाची कोंडी आहे.

जिथे गावं अपुरी पडतात तिथे कंपन्या स्वतःचीच बेटं सजवतात. बहामामध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीचं 'कोकोके' आहे. २०१९ मध्ये ते पाण्याच्या घसरगुंड्या वगैरे बसवून नव्याने सुरू झालं. मुलं तिथे खूश असतात, यात शंका नाही. पण तिथे गाव नाही, बाजार नाही, तिथली भाषा बोलणारी माणसं नाहीत. जहाजावर जे होतं तेच वाळूवर. म्हणजे प्रवास झाला, पण परदेश पाहिला का?

मग लहान जहाजच चांगलं का?

तसंही नाही. 'व्हायकिंग स्टार' हे २०१५ चं जहाज सुमारे ४७,८०० टनांचं आणि ९३० प्रवाशांचं आहे. भागाकार ५१, म्हणजे आयकॉनपेक्षाही ऐसपैस. लहान बंदरांतही ते जाऊ शकतं. पण माणशी भाडं जास्त, आणि या कंपनीच्या जहाजांवर १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेशच नाही. म्हणजे आई-वडील निवांत, पण मुलं घरी! आणि जुनी लहान जहाजं दाटीची असू शकतात, हे आपण वर पाहिलंच.

शिवाय सेवेचा प्रश्न आकारावर नव्हे तर हातांवर अवलंबून असतो. गोव्यातली कितीतरी घरं या जहाजांवरच्या नोकऱ्यांवर उभी आहेत. आयकॉनवर २,३५० कर्मचारी आहेत. ५,६१० प्रवाशांसाठी एका कर्मचाऱ्यामागे साधारण २.४ प्रवासी, आणि जहाज पूर्ण भरलं तर ३.२. हात तेवढेच, काम जास्त. नाश्त्याचं टेबल पुसायला उशीर झाला तर त्या मुलावर चिडण्याआधी हा भागाकार आठवावा.

थोडक्यात सांगायचं तर

मोठ्या जहाजाने 'जहाजावरची सुट्टी' बिघडवलेली नाही, उलट स्वस्त आणि भरगच्च केली. त्याने बिघडवली ती 'जहाजाने केलेली सफर'. ज्याला चार दिवस मुलांसोबत मजा करायची आहे, त्याचं मोठ्या जहाजात नुकसान नाही. ज्याला गावं, माणसं आणि समुद्र पाहायचा आहे, त्याचं आहे. आणि त्याच्याहीपेक्षा जास्त नुकसान त्या गावांचं आहे, ज्यांना या निवडीत कुणी विचारलंच नव्हतं.

आयुष्यभर साठवलेले पैसे घालून आई-वडिलांना अशा सफरीला पाठवायचं असेल, तर पैसे भरण्यापूर्वी एवढं जरूर विचारा :

• जहाजाचे टन भागिले प्रवासी किती? पूर्ण भरल्यावर किती?
• प्रत्येक बंदरात जहाज किती तास थांबणार?
• धक्क्याला लागणार की होडीने उतरावं लागणार? गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं.
• जाहिरातीतलं शहर आणि प्रत्यक्ष बंदर यात अंतर किती?
• त्या दिवशी त्या बंदरात आणखी किती जहाजं येणार आहेत?

विद्यार्थ्यांसाठी विचारप्रश्न

१) एका जहाजाचे १,२०,००० टन आणि ३,००० प्रवासी आहेत. दुसऱ्याचे ६०,००० टन आणि २,००० प्रवासी. माणशी जागा कोणत्या जहाजावर जास्त?
२) आपल्या शाळेत कोणत्या ठिकाणी 'एकाच वेळी सगळ्यांना हवं' अशी गर्दी होते? जागा न वाढवता ती कशी कमी करता येईल?
३) तुमच्या गावच्या जत्रेला गावाच्या निम्मे पाहुणे रोज येऊ लागले, तर कोणाचा फायदा होईल आणि कोणाला त्रास? दोन्ही बाजू लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांना आधी घरी विचारून यायला सांगा. दुकान असलेल्या घरातलं उत्तर आणि नुसतंच रस्त्याकडेला असलेल्या घरातलं उत्तर वेगळं येईल. ती दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. जुनोच्या लोकांनी कोणत्या पेचात मतदान केलं, ते मुलांना आपोआप कळेल.