बोरन्हाणाचं झबलं घरीच

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलाचं बोरन्हाण आहे. पाच वर्षांच्या मुलीला हाताशी घेऊन काळं झबलं आणि दागिने घरीच करता येतील का?
– एक वाचक, किल्लारी

उत्तर : येतील, ताई, अवश्य करा. वाकळीसाठी बांधून ठेवलेल्या गाठोड्यातून जुनं काळं सुती कापड काढा. वापरून मऊ झालेलं कापड बाळाला टोचत नाही. बेतणं-शिवणं तुमच्याकडे, नक्षी मुलीकडे. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. कापडावरचा पांढरा रंग ताटलीत पातळ पसरा आणि झबल्याच्या काठावर तिला ठसे उमटवू द्या. आत वर्तमानपत्र घाला, नाहीतर रंग मागच्या बाजूला उतरतो. ठसे वाकडे पडले तर पडू द्या. तिचा हात त्यात दिसायलाच हवा. दिवसभर वाळवून उलट बाजूनं इस्त्री फिरवा.

दागिन्यांबाबत मात्र मी कडक आहे. हलवा, चुरमुरे, मणी बाळ तोंडात घालतंच आणि ते घशात अडकू शकतात. त्याला कापडी फुलांचा मुकुट पुरे. चुरमुऱ्यांची माळ मोठीनं ओवून स्वतः मिरवावी. डोक्यावरून ओतलेली बोरंही लगेच उचला. घाई करू नका, बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं.