आधी कोणाचं दप्तर पाहिलं?



आमच्या वर्गात एकदा कंपासपेटी हरवली. लगेच कोणीतरी ओरडलं, "पारध्याच्या पोराचं दप्तर पाहा!" दप्तर उपडं केलं. काही निघालं नाही. पेटी खिडकीत सापडली. सगळे हसले; तो मात्र दोन दिवस शाळेत आला नाही.

गुरुजींनी फळ्यावर लिहिलं : १८७१. त्या साली इंग्रज सरकारने कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. चोरी केली नसली तरी पोलिसांकडे हजेरी द्यायची! हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला.

पारध म्हणजे शिकार. फासे लावून तितर-लावे धरणं हा पारध्यांचा जुना धंदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आली आणि तोही हातचा गेला. शिक्का मात्र राहिला.

"कायदा गेला, पण आपल्या डोक्यातून गेला का?" गुरुजींनी विचारलं. आम्ही माना खाली घातल्या.

मी त्याच्या शेजारी बसतो. मी ओरडलो नव्हतो. पण 'थांबा' असंही म्हणालो नव्हतो. तीही चूकच. तो आल्यावर मी माफी मागितली. तो म्हणाला, "पुढच्या वेळी सगळ्यांचीच दप्तरं पाहा."

स्वाध्याय :
(१) काही हरवलं की आपली नजर आधी कोणाकडे जाते? का?
(२) आपल्या घरी कोणत्या जातीचं नाव शिवीसारखं घेतात? ते बंद करण्यासाठी तुम्ही काय कराल?