दिसत नाही, पण दुखते

हात मोडला, तर तो गळ्यात बांधलेला दिसतो. पाय अधू असला, तर काठी दिसते. अशा माणसाला आपण जड काम सांगत नाही. पण काही दुखणी अंगात लपून असतात. सिकलसेल हे असेच दुखणे आहे. विदर्भात व नंदुरबारकडे ते पुष्कळ घरांत आढळते.

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. त्या गोल असतात. बारीक नळ्यांतून त्या सहज पुढे सरकतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि नळीत अडकतात. मग हाडांत, सांध्यांत भयंकर कळा येतात. अंगात रक्तही कमी असते, म्हणून दम लवकर लागतो.

हा आजार आई आणि बाप, दोघांकडून जन्मतःच येतो. शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. ही कोणाची करणीही नाही.

आता कामाचे पाहू. अंगातले पाणी कमी झाले, अंग गारठले, फार श्रम झाले, की कळा उठतात. तेंदूपत्ता तोडताना घामाच्या धारा लागतात. धानाच्या रोवणीत दिवसभर भिजावे लागते. अशा वेळी एखादी बाई मधेच बांधावर बसते. बाकीच्या म्हणतात, "काल तर चांगली होती. आज सोंग करते!" ते ऐकून ती बिचारी पुन्हा चिखलात उतरते. त्यातून जिवावर बेतू शकते. काल बरे, आज कळा, असाच हा आजार आहे बरे!

मग आपण सोबत्यांनी काय करावे?

1. घटकाभर थांबून सगळ्यांनीच पाणी प्यावे. म्हणजे तिला एकटीला मागावे लागत नाही.
2. तिला कोरड्यातले, हलके काम द्यावे.
3. कळा आल्या तर ऊब द्यावी, पाणी पाजावे. डॉक्टरांनी दिलेले औषध घेऊ द्यावे.
4. ताप, छातीत दुखणे, धाप, किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे, यांतले काही दिसले तर तडक दवाखाना गाठावा.
5. तिने विश्वासाने सांगितलेले चार घरी सांगू नये.

2016 च्या कायद्याने सिकलसेलला अपंगत्वात धरले आहे. म्हणजे हे सोंग नाही, हे सरकारही मानते. रक्त तपासले की आजार कळतो. तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

सांगा पाहू : आपल्या कामावर कोणी मधेच बसले, तर आपण आधी काय विचारू?